फेरीच्या दिवशीचं गवत

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या कार्यालयात, काचेच्या टेबलाखालचा दिवा लावून, कुठल्या तरी दुसऱ्याच जिल्ह्याचा उपग्रहाचा फोटो पाहत होतो. धामणगाव बढ्याहून ट्रंक कॉल होता आणि आवाज इतका तुटत होता, की ‘गेले’ हा शब्द भाच्याला पुन्हा पुन्हा ओरडून सांगावा लागला. पहाटे छातीत कळ आली, मोताळ्याला न्यायला जीप मिळेपर्यंत सगळं संपलं होतं... मी दिवा बंद केला. पोचलो तेव्हा गावातली माणसं स्मशानातून परतलीही होती. अक्का, माझी थोरली बहीण, भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून ती रडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “आज तुह्या उपग्रहाची पाळी होती. विळा पाजवून ठेवला होता त्याईनं.” दाराशी खरंच विळा होता, आणि त्याच्या शेजारी उभी करून ठेवलेली लाकडी चौकट.

महिना उलटला. ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

वामनराव, म्हणजे आमचे भाऊजी, गावातल्या शाळेत विज्ञान शिकवत. अक्काचं लग्न झालं तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो. सुट्टीत तिच्याकडे गेलो की ते मला रोहिणखेडच्या बाजूच्या उतारावर, गावाच्या कुरणात घेऊन जात. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं मी तिथे शिकलो. तिखाडीचं पातं बोटात चुरडून ते नाकाशी धरत आणि मी नाव सांगेपर्यंत हात खाली घेत नसत. दसऱ्यानंतर गाव मिळून ते कुरण कापी. पहिल्या दिवशी कोणत्या बाजूने सुरुवात करायची यावरून भांडणं होत, पण घरोघरच्या गुरांचा वर्षाचा चारा तिथूनच येई. मी वनस्पतिशास्त्र घेतलं ते भाऊजींमुळे. आणि पुढे गवतापासून लांब, काचेच्या टेबलाशी जाऊन बसलो, तो मात्र माझ्याच मर्जीने.

उपग्रहाचे फोटो आमच्याकडे नुकते येऊ लागले होते तेव्हाची गोष्ट. तो उपग्रह दर अठरा दिवसांनी सकाळी त्याच जागेवरून जाई. त्याच्या फोटोत जिवंत हिरवाई लाल दिसते. जितकं गवत दाट, तितका लाल रंग गडद. पण किती लाल म्हणजे किती गवत, हे कळायला त्याच दिवशी जमिनीवर कुणीतरी गवत कापून तोलायला हवं. मी भाऊजींना विचारलं. त्यांनी सुताराकडून मीटरभर लांबी-रुंदीची चौकट करून घेतली आणि अक्काने जुन्या धोतरांच्या पिशव्या शिवल्या. वर्षाच्या तारखा मी पोस्टकार्डावर कळवायचो. त्या दिवशी, शाळा भरायच्या आधी, ते कुरणात जात, चौकट टाकत, तिच्या आतलं गवत मुळाशी कापून पिशवीत भरत, ओलं तोलत, वाळवून पुन्हा तोलत.

पहिल्या फेरीला मीही गेलो होतो. चांगलं दाट गवत बघून मी चौकट ठेवायला वाकलो, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. कुरणाकडे पाठ केली आणि खांद्यावरून मागे भिरकावली.

“पाहून टाकली तं ते मोजमाप नाही, श्यामराव. ते आपलं मत झालं.”

मग वर बघून म्हणाले, “तुमचा उपग्रह मोठा घाईचा मानूस हाय. जाऊन राह्यला तसाच. चहालेही थांबत नाही.”

दोन-तीन वर्षं हे चाललं. मग कार्यालयाला सबंध जिल्ह्याचा जमिनीचा नकाशा करायचा हुकूम आला. शेत कुठे, जंगल कुठे, पडीक कुठे. ते काम माझ्याकडे होतं. पावसाळ्यातले आणि त्यानंतरचे फोटो ढगांनी भरलेले होते. एप्रिलचा फोटो मात्र स्वच्छ होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तो निवडला. एप्रिलात वाळलेलं गवत लाल कुठून दिसणार... कुरणाच्या जागी फिक्कट राखाडी डाग होता, आणि माझ्या हाताने मी त्यात ‘पडीक’चा रंग भरला. भाऊजींनी तोललेल्या गवताचे आकडे माझ्याच कपाटात होते. ते कुरण मला माझ्या अंगणासारखं ठाऊक होतं. तरी मनाशी म्हणालो, एका जागेसाठी वेगळा फोटो घेतला तर नकाशा सारखा कसा राहील.

नकाशा वरिष्ठांकडे जायच्या आधी भाऊजी काही कामाने नागपूरला आले होते. त्यांनी कुरणाच्या डागावर बोट ठेवलं.

“दसऱ्याच्या सुमाराचा फोटो नाही का?”

“आहे, पण त्यात ढग आहेत भाऊजी.”

“ढग हायेत म्हनूनच तं गवत हाय. ढग नसते तं ते आलं कुठून असतं?”

मी हसलो. ते हसले नाहीत. नकाशा तसाच गेला.

पुढच्या वर्षी पडीक जमिनीवर झाडं लावायची सरकारी योजना आली. कुरणाभोवती चर खणला गेला, आत खड्डे, खड्ड्यांत सुबाभळीची रोपं. गुरं बंद. गवत कापायला गेलेल्या बायकांना रखवालदाराने परत पाठवलं. काही घरांनी गाई धामणगावच्या बाजारात काढल्या, त्यात अक्काची कपिलाही होती. नाल्यापलीकडचा एक खडकाळ पट्टा तेवढा वाचला, कारण तिथे कुदळ चालत नव्हती.

भाच्याने मला नंतर सांगितलं, चहाच्या टपरीवर गणपत नावाच्या एकाने भाऊजींना डिवचलं, “काय गुरुजी, साळ्यानं वरतून पाह्यलं अन् आमचं कुरण गायब केलं म्हन्तात?” भाऊजी म्हणाले, “तो उन्हायात पाह्यत होता. उन्हायात तुह्या टकलाचा फोटो काढला असता तं तेही पडीकच आलं असतं.” लोक हसले आणि विषय मिटला. माझी बाजू घ्यायला तिथे तेच होते... ज्यांचं ऐकलं नाही ते.

यानंतर मी धामणगावला जाणं टाळू लागलो. दिवाळीला ‘काम आहे’, राखीला ‘काम आहे’. त्यांनी कधी बोल लावला असता तर बरं झालं असतं. मधल्या काळात तो उपग्रहही बंद पडला. नवे आले, त्यांच्या फेऱ्या वेगळ्या. मी तारखा पाठवणं थांबवलं आणि का थांबवलं हेही कळवलं नाही. एक पोस्टकार्ड लिहायचं होतं. भाऊजी मात्र जुन्या तारखांवरून अठरा-अठरा दिवस मोजत राहिले, आणि नाल्यापलीकडच्या पट्ट्यावर जाऊन गवत कापत राहिले. वर काही नसताना.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी अक्काने मला मागची खोली उघडून दिली. आढ्याच्या बांबूला गवताने भरलेल्या धोतराच्या पिशव्या टांगलेल्या होत्या, एकीला एक लागून. खोलीभर तिखाडीचा वास. मला तिथे उभं राहवेना. शेवटी म्हणालो, “अक्का, तो उपग्रह कधीचाच बंद पडला. मी सांगितलंच नाही.”

ती एक पिशवी सारखी करत होती. “त्याईले समजलं होतं. तुह्या तारखा येनं बंद झाल्या तवाच म्हनले, उपग्रह तं बंद पडला असन नाहीतं श्यामराव. दोघातला कोनी एक चालू झाला, तं गवत तयार पाह्यजे.”

तिने बांबूच्या टोकाची पिशवी काढून माझ्या हातात दिली. ते गेले त्या दिवशीची. ती रिकामी होती.

सकाळी विळा आणि चौकट घेऊन नाल्यापलीकडे गेलो. परतीच्या पावसाचे ढग दाटले होते, वरून कुणाला काही दिसलं नसतं. मारवेल आणि पवन्या कमरेला लागत होते. एका जागी गवत फार सुंदर होतं, तिकडे माझी नजर गेली. मग मी पाठ फिरवली, चौकट खांद्यावरून मागे टाकली, आणि ती जिथे पडली तिथे जाऊन बसलो.