लॅपटॉपला लावलेलं कुंकू

मागवाल्या मावशी कुजबुजल्या तरी पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं दचकून उठायचं. त्यांचा सगळा जन्म माधवनगरात यंत्रमागांच्या खडखडाटात गेला. त्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती कायमची. पुढे माग बंद पडले तरी मावशींचा आवाज काही खाली उतरला नाही. "कुणाला सांगू नगंस हां," असं बजावून त्या मला जे गुपित सांगत, ते दुपारपर्यंत अख्ख्या गल्लीला पाठ झालेलं असे. स्वतःला मात्र ऐकू कमी यायचं. त्याचंही त्यांना काही वाटत नसे, कारण त्या समोरच्याचे ओठ वाचत. मागाच्या खोलीत कानांचा उपयोगच नसतो, तिथे सगळे ओठ बघूनच गप्पा मारतात आणि एकमेकांची उणीदुणीही काढतात. तेव्हा मावशींच्या पाठीमागे हवं ते बोलावं. त्यांच्यासमोर हळू बोलण्यात काही अर्थ नव्हता.

मी मूळची आटपाडीची. पुण्यातल्या एका कंपनीत घरून काम करायची नोकरी लागली, पण आमच्या वस्तीवर इंटरनेट आलं तर आलं, नाही तर नाही. म्हणून सांगलीजवळ माधवनगरला खोली घेतली, मावशींच्या मागाच्या खोलीच्या वर. खालची ती खोली रिकामीच होती. मावशींचे मालक वारल्यावर माग भंगारात गेले होते आणि फरशीवर मागांच्या पायांचे खड्डे तेवढे उरले होते. मूलबाळ नव्हतं. पुढच्या खोलीत मावशी एकट्या राहत. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "वर नाचलीस तरी मला ऐकू याचं न्हाई. खरं जेवायला खाली यायचं. एकटीपुरती भाकरी थापायचा मला लय कंटाळा येतो." भाडेकरूला असली अट घालणारी घरमालकीण मी तोवर पाहिली नव्हती. अट मी तिथल्या तिथे मान्य केली. स्वयंपाकाचा कंटाळा मला त्यांच्याहून जास्त होता.

कान गेले तरी उजवा हात शाबूत होता, आणि मावशींचा सगळा भरवसा त्या हाताच्या उलट्या बाजूवर. दूध निवलं का, इस्त्री तापली का, पाण्याची मोटर जळायला आली का, शेजारचं पोर खरंच आजारी आहे की शाळा चुकवतंय, सगळ्याला उलटा हात लावायचा आणि निकाल द्यायचा. निकाल दर वेळी बरोबर असे असं मुळीच नाही. मी एकदा नुसती उन्हातून आले होते, तर कणकण आहे असं ठरवून त्यांनी मला असला कडू काढा पाजला की अजून जिभेवर आहे. पण त्यांचा निकाल खोडून काढायची हिंमत गल्लीत कुणाला नव्हती.

अशात मी नवा लॅपटॉप घेतला. नुकताच बाजारात आलेला, वहीएवढा पातळ, आणि जाहिरातीवर विश्वास ठेवायचा तर अजिबात आवाज न करणारा. जाहिरातीतली बाई तो मांडीवर घेऊन खिदळत होती. तिची मांडी कशाची केलेली होती देव जाणे. मी मांडीवर घेतला आणि चटका बसून ताडकन उठले. थोड्याच वेळात आतला पंखा असा घोंघावायला लागला की मी खिडकीतून बाहेर डोकावले, कुणी ट्रॅक्टर आणून उभा केला की काय. नवी वस्तू आहे, रुळेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. तो काही रुळला नाही. रोज तापायचा आणि रोज बोंबलायचा.

चहा घेऊन वर आलेल्या मावशींनी त्याला पाहिलं, कप खाली ठेवला आणि उलटा हात लावला. "ताप हाय गं ह्याला!" एवढं बोलून त्या खाली गेल्या आणि वर आल्या त्या वाडग्यात मीठ घातलेलं पाणी आणि जुन्या लुगड्याचा धडपा घेऊन.

"आवं मावशी, पाणी नाही लावायचं त्याला!" मी लॅपटॉप छातीशी धरून ओरडले.

"मग काय असंच फणफणू द्याचं व्हय?"

शेवटी तडजोड झाली. त्यांनी चार स्टीलच्या वाट्या उलट्या मांडून त्यांच्यावर तो ठेवला. "खालनं वारं लागू दे." त्यानं जरासा फरक पडला, हे मला कबूल करावं लागलं. त्या दिवसापासून जेवायला गेलं की आधी त्याची चौकशी, "उतरला का ताप?" आणि मग माझी.

गंमत म्हणजे ज्या आवाजानं माझं डोकं उठायचं, तो मावशींना हवासा वाटायचा. ऐकू येत नसेच. त्या टेबलावर तळहात ठेवून बसत आणि लाकडातून येणारी थरथर घेत राहत. "चालू हाय," म्हणत. "घरात कायतरी चालू असलं म्हंजे बरं वाटतं बघ." अशा वेळी त्या खालच्या खोलीकडे बघत नसत, पण मनानं त्या कुठे गेल्यात ते मला कळायचं. मग पंख्याला शिव्या देण्याची माझी इच्छा थोडा वेळ ओसरायची.

माझ्या पुण्याच्या साहेबांचं मात्र तसं नव्हतं. "तुमच्या शेजारी पिठाची गिरणी आहे का हो?" असं त्यांनी मीटिंगमध्ये विचारलं होतं. लॅपटॉप फार तापला की त्यांचा आवाज तुटायचा आणि पडद्यावर नुसते ओठ हलत राहायचे. एकदा असंच झालं आणि मी मान डोलावत बसले. पाठीमागे उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "मान काय हलवतीस? त्यो टकल्या म्हनतोय, शुक्करवारच्या आत पायजे." माझा माइक चालू होता. माझ्यापर्यंत साहेबांचं काही पोचत नव्हतं, पण 'टकल्या' पुण्यापर्यंत अगदी स्वच्छ पोचलं. साहेब भला माणूस, पोट धरून हसले. मग मात्र फोन करून म्हणाले, की ग्राहकांच्या मीटिंगला हा गोंधळ चालणार नाही, काहीतरी करा.

काहीतरी करायच्या आधी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारा-अवजारांची पूजा असते. विळीपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून मांडतात. मावशींच्या घरी हे काम शेजारच्या सुमनवहिनी करायच्या. मावशी लांब उभ्या राहून फक्त सूचना द्यायच्या. मी आटपाडीला निघाले तरी माझ्या कपाळाला कुंकू लावायला त्या सुमनवहिनींनाच हाक मारत. विधवा म्हणून कुणी त्यांना अडवलं होतं असं नव्हे. अडवायची छाती कुणाची होती? त्यांचं त्यांनीच सोडलं होतं. "मालक गेलं त्या साली खंडेनवमीला समद्या मागांना मीच कुंकू लावलं हुतं," त्यांनी मला सांगितलं. "दिवाळी बघितली न्हाई त्यांनी. फुडं मागबी गेलं. माझ्या हातात यश न्हाई, पोरी."

मला राग आला. एवढी खमकी बाई आणि डोक्यात हे असलं! मी हट्टालाच पेटले. "ह्या घरात आता चालणारं यंत्र हे एकच आहे मावशी. माझं पोट त्याच्यावर आहे. लावलंत तर तुम्हीच लावा, नाहीतर त्याची पूजाच नको." त्या नाही म्हणाल्या, चिडल्या, भाकरी करायला निघून गेल्या, आणि शेवटी हात धुऊन परत आल्या. मग मात्र त्यांनी साग्रसंगीत पूजा केली. वर कुंकू, झाकणाच्या आत कुंकू, झेंडूचं फूल. मग लॅपटॉप उलटा करून पोटालाही भरपूर लावलं, कारण मागाला चारी अंगांनी लावायचं असतं. बोट कुंकवात बुडवताना त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की त्या पोटाला हवेसाठी भेगा असतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दसरा झाला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत लॅपटॉपनं एक लांबलचक शिट्टी मारून मान टाकली.

सांगलीच्या सर्व्हिस सेंटरला मावशी बरोबर आल्या. "आजाऱ्याला दवाखान्यात एकटं नेत न्हाईत," म्हणाल्या. तिथल्या मुलानं खालचं झाकण काढलं. पंख्याची पाती लालभडक झालेली. "मॅडम, आत कुंकू गेलंय," तो म्हणाला. "हे कस्टमर डॅमेज. वॉरंटीत बसत नाही." मी पुढे वाकून त्याला हळूच म्हटलं, "जरा हळू बोला, त्यांना ऐकू जायला नको." तो बिचारा हळू बोलला. पण त्याचं तोंड मावशींच्या बाजूला होतं.

रिक्षात त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. भाकरी वाढायच्या आणि भिंतीकडे बघत बसायच्या. वर यायचं थांबलं. मावशी आजारी आहेत का, असं विचारायला सुमनवहिनी दोनदा येऊन गेल्या. गल्लीला ती शांतता सोसत नव्हती. मी समजावून थकले. "अहो, तो पहिल्या दिवसापासून तापत होता. तुम्हीच हात लावून सांगितलं होतंत की!"

"तवा नुसता ताप हुता," त्या म्हणाल्या. "गेला त्यो कुंकवानंतर."

मी फोनवर शोधून दाखवलं, की ह्या नव्या मॉडेलबद्दल कुठल्या कुठल्या गावच्या लोकांची हीच ओरड आहे. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "त्यांनीबी कुंकू लावलं असंल." मी हसले, आणि त्या हसत नाहीत हे बघून मला रडू आलं.

सेंटरवाल्यांनी लॅपटॉप दुरुस्त न करता तसाच परत न्यायला बोलावलं, तेव्हा मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून दारात उभ्या. मला वाटलं, मन रमवायला येताहेत. तिथे पोचल्यावर त्या मला बाजूला सारून थेट काउंटरवर गेल्या. "ह्या पोरीची काय बी चूक न्हाई. कुंकू मी लावलं. दोष माझ्या हाताचा हाय. तिचं यंत्र तेवढं नीट करून द्या." मूळच्या आवाजात बोलल्या. सगळं दुकान मागे वळून बघायला लागलं.

बाकावर एक तरुण बसला होता. इस्लामपूरच्या कॉलेजात शिकवणारा, हे नंतर कळलं. तो उठून आला. "आवं मावशी, तुमच्या हाताचा काय संबंध? माझ्याकडं बी ह्योच हाय. तापतोय, बोंबलतोय. म्हणून तर आलोय."

मावशींनी त्याच्या ओठांवरची नजर काढली नाही. "खंडेनवमीला कुंकू लावलं असंल घरात."

"आमच्यात न्हाई लावत. आमी बौद्ध हाय. आमच्या घरात कुंकूच न्हाई मावशी."

"आईबी न्हाई?"

"आईबी न्हाई, आजीबी न्हवती लावत."

"मग कवापासनं तापतोय?"

"आणल्या दिवसापासनं."

त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढून चालू केला. तसाच, अगदी माझ्याच मॉडेलचा. थोडा वेळ आम्ही सगळे त्याच्याभोवती उभे राहिलो, आणि पंखा घोंघावायला लागला. मावशींनी उलटा हात ठेवला. मग तो उचलून खालून हात लावला. बराच वेळ लावून धरला. "ताप हाय," त्या म्हणाल्या, "आमच्यागतच हाय." आणि त्या तरुणाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन उभ्या राहिल्या, त्या सोडेचनात. तोही बिचारा कसनुसा हसत तसाच उभा राहिला. मग त्या काउंटरकडे वळल्या. "आता बोल रं. ह्येच्या घरात कुंकू न्हाई. मग ह्यो का तापला?"

तो मुलगा आतून मोठ्या साहेबांना घेऊन आला. आम्हा दोघांच्या तक्रारी त्यांनी एकत्र वर पाठवल्या, आणि पुढे कंपनीनं त्या मॉडेलचे पंखे आणि आतले काही भाग सगळ्यांनाच फुकट बदलून दिले. माझ्या लॅपटॉपचाही ताप उतरला.

गल्लीला मावशींचा आवाज परत मिळाला. पण कुंकवाच्या करंड्याला त्यांनी हात लावला नाही. संक्रांतीलाही सुमनवहिनींनाच हाक गेली. इतकी वर्षं मनात बसलेली गोष्ट एका लॅपटॉपनं कशी निघेल, अशी मी माझी समजूत घातली आणि पुन्हा हट्ट केला नाही.

पुढे कंपनीनं सगळ्यांना पुण्याला बोलावून घेतलं. गेल्या उन्हाळ्यात मावशी गेल्या. सुमनवहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते आणि सगळ्यांसमोर रडले. मला त्यांची फार आठवण येते. पुण्यात माझ्या आजूबाजूला सगळे हळू बोलतात, आणि काही वेळा ते मला सहन होत नाही. पण सगळ्यात जास्त आठवतो तो माधवनगर सोडायचा दिवस.

रिक्षा दारात उभी होती. सुमनवहिनी नेहमीप्रमाणे करंडा घेऊन पायरी चढल्या. मावशींनी त्यांच्या हातातून तो काढून घेतला. "सुमे, तू थांब. हिला मी लावनार." समोरच्या घरांतल्या बायका दारात आल्या. मावशींनी कुणाकडे पाहिलं नाही. बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या कपाळावर टेकवलं, चांगलं दाबून. "जा," म्हणाल्या. "यश यील."

साताऱ्याला बस थांबली तेव्हा उन्हानं आणि रडण्यानं माझा चेहरा चिकट झाला होता. मी स्टँडवरच्या नळावर जाऊन तोंड धुतलं, कपाळ तेवढं सोडून.