सात घरांच्या आधी

संग्रहालयात शाळेच्या सहली सांभाळणाऱ्या बाईंना मुलं नकाशाबाई म्हणत. भिंतीवरचा नकाशा दाखवून त्यांचं भागत नसे. त्या दालनाच्या फरशीवर खडूने जुनी वस्ती आखत आणि मुलांना घरं म्हणून उभं करत. "तू विहीर. हलायचं नाही!" असं म्हटलं की विहिरीला हमखास हसू फुटे.

बाईंचा एक नियम मात्र कडक. एकाच माणसाच्या सांगण्यावरून फलकावर काही चढवायचं नाही; दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या आठवणीतून तेच सांगायला हवं, आणि दोघांची नावं खाली लागायला हवीत. या नियमापायी भल्याभल्यांचे रुसवे त्यांनी झेलले होते. आता नियम घरातच येऊन बसला होता.

सात घरांच्या त्या वस्तीतलं पहिलं घर बाईंच्या आजोबांचं, असं फलकावर वर्षानुवर्षं लिहिलेलं. गेल्या आठवड्यात एक म्हातारी आली आणि थेट म्हणाली, "तुमच्या सात घरांच्या आधी तिथे आम्ही होतो. वीटभट्टीवाल्यांच्या सहा झोपड्या. आम्हाला उठवलं, मग तुमची घरं झाली."

तेव्हाचं पाहिलेलं दुसरं माणूस एकच उरलं होतं, बाईंचे वडील. निवृत्त मोजणीदार, वय चौऱ्याऐंशी. त्यांनी एका वाक्यात विषय मिटवला. "नुसतं माळरान होतं." आणि तीन दिवस मुलीशी अबोला धरला.

नवा फलक आज पाचला छपाईला जाणार होता, आणि एकदा छापला की दहा वर्षं त्याला कुणी हात लावणार नव्हतं. तीन वाजता बाईंनी म्हातारीला दालनात बोलावलं. काय तमाशा चाललाय ते बघायला वडीलही येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.

म्हातारी खडूच्या रेघांवरून सावकाश चालू लागली. "ही आमची. ही माझ्या मावशीची."

"थापा आहेत," वडील पुटपुटले.

म्हातारीने लक्ष दिलं नाही. "आणि ही सुईणीची, विहिरीला लागून."

"विहिरीला लागून कशी असेल?" वडील काठी आपटत उठलेच. "सुईणीची अलीकडे, चिंचेखाली! विहिरीपाशी लंगड्याची होती!"

लंगड्याचं नाव तोवर कुणी काढलं नव्हतं.

"खरंच की," म्हातारी हळूच म्हणाली. "लंगड्याला मी पार विसरले होते."

वडील पुन्हा खुर्चीत बसले. बाईंना वाटलं, आपण हे ऐकलंच नसतं तर बरं झालं असतं. पण पेन्सिल हातात होती.

"बाबा, लिहून घेऊ?"

"माझं नाव घालशील?"

"घालावं लागेल."

त्यांनी काठी गुडघ्यांवर आडवी ठेवली. "मग पुरतं लिही. झोपड्या उभ्या असतानाच तुझ्या आजोबांनी जागा मापली. मी आठ वर्षांचा होतो. दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं."

बाईंनी तेही लिहिलं.