थांब वं माय

गेले काही महिने मी या साइटवरचे लोकांचे गूढ अनुभव नुसते वाचत होते. खरं सांगायचं तर वाचता वाचता मनातल्या मनात लाल शेरेही मारत होते. इथे झोप झाली नसेल, इथे माळ्यावर उंदीर असेल, इथे सांगणाऱ्याने थोडा मसाला घातला असेल... रागावू नका, माझा स्वभावच तसा आहे. मी नागपूरच्या बौद्ध घरात वाढले. अंगात येणं, दृष्ट काढणं, दारावर लिंबू-मिरची, यातलं काहीही आमच्याकडे चालायचं नाही. अमक्या पिंपळाखाली काहीतरी दिसलं असं कुणी म्हणालं, की माझे वडील पायात चपला सरकवून बघायला निघायचे. पुढे अमेरिकेत आले आणि सगळी नोकरी ॲन आर्बरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये झाली. मायक्रोस्कोपखाली दिसलं तर आहे, नाहीतर नाही.

त्यामुळे हे लिहू की नको, यावर बराच काळ गेला. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, जस्ट राइट इट. जे झालं ते झालं."

आधी घरच्यांबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सांगताना थोडी फुशारकी होईल. आईची आहे, चालवून घ्या.

माझी मुलगी सुजाता मॉन्स्टर ट्रक चालवते. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी - वर पिकअप ट्रकची बॉडी आणि खाली माणसाच्या छातीपेक्षा उंच चाकं. मैदानात जुन्या मोटारींची रांग लावलेली असते, तिच्यावरून हा ट्रक उडी मारतो. आवाज इतका, की कानात बोळे घातल्याशिवाय बसता येत नाही. आणि ट्रक चालवणारी ही आमच्या घरातली दुसरी पिढी आहे. पहिली पिढी म्हणजे माझा नवरा, प्रभाकर.

प्रभाकर सस्पेन्शनचा इंजिनियर. नागपूरहून मिशिगनला आला तो गाड्यांच्या नोकरीसाठी. शेजारी डेल नावाचा शेतीची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस राहायचा. दोघांची दोस्ती झाली आणि ऐंशीच्या दशकात डेलच्या गावाबाहेरच्या बार्नमध्ये, म्हणजे शेतावरच्या मोठ्या कोठारात, दोघांनी मिळून एक ट्रक उभा केला. रंग भगभगीत नारिंगी, नाव 'संत्रा'. अमेरिकन लोकांना तो भोपळा वाटायचा. प्रभाकर प्रत्येकाला थांबवून सांगायचा, की आमच्या गावच्या संत्र्यांची चव तुम्हाला माहीत नाही. आठवडाभर टाय लावून ऑफिस आणि शनिवार-रविवारी कुठल्यातरी काउंटी फेअरच्या जत्रेत धुळीत उड्या. महाराष्ट्र मंडळात लोक मुलांच्या स्पेलिंग बीबद्दल बोलत असायचे, तेव्हा हा शॉक ॲब्सॉर्बरवर बोलत बसायचा. लोक हळूच खुर्ची बदलायचे.

सुजाता त्या बार्नमध्येच वाढली. शाळेतून आली की दप्तर फेकून डेल अंकलच्या गाडीत. कॉलेजला मेकॅनिकलच घेतलं, ॲन आर्बरलाच. त्याच सुमाराला प्रभाकरच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ट्रकमध्ये बसायला साफ मनाई केली. तो घरात तोंड पाडून बसलेला असताना सुजाता म्हणाली, "बाबा, मी चालवते." विचारलं नाही, सांगितलं.

२००१च्या उन्हाळ्यात ओहायोच्या एका जत्रेत तिचा पहिला शो झाला. मी डोळ्यांवर हात ठेवून बसले होते... बोटांच्या फटीतून सगळं पाहिलं. ट्रक हवेत गेला, चारही चाकांवर नीट उतरला आणि प्रभाकर माझ्या शेजारी लहान मुलासारखा रडला.

मग तो सप्टेंबर आला. पुढच्या शोला आयोजकाने तिला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, ट्रकच्या दारावर सुजाता मेश्राम लिहिलंय, त्याऐवजी नुसतं 'सू' लिहूया का, लोक सध्या जरा... सुजाता म्हणाली, "देन चेंज द ड्रायव्हर टू." नाव तसंच राहिलं. त्या दिवशी काहींनी हुर्यो केली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पण शो संपल्यावर सही घ्यायला रांग लागली, आणि रांगेत निम्म्या मुली होत्या. त्यानंतर प्रत्येक शोला ती रांग वाढतच गेली.

प्रभाकरने एक काम स्वतःकडे ठेवलं होतं. तो मैदानाच्या कडेला हेडसेट लावून उभा राहायचा आणि सुजाताच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर तिच्याशी बोलायचा. ड्रायव्हरला ट्रकचं नाक आणि आकाश यापलीकडे फार दिसत नाही, म्हणून बाहेरून सांगणारं कुणीतरी लागतं. बाप-लेक मराठीत बोलायचे. "डावीकडे घे... दाब... सोड, सोड." सुजाता एरवी घरात अर्धी उत्तरं इंग्लिशमध्ये देते, पण ट्रकमध्ये मराठीच.

आता मुख्य गोष्ट. २००५चा उन्हाळा, रविवारची दुपार. शो इंडियानामध्ये, आमच्यापासून पाच-सहा तासांच्या ड्राइव्हवर. मी तिचे शो सहसा चुकवत नसे, पण त्या आठवड्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. दुखणं थांबवायच्या गोळ्या चालू होत्या आणि मी दिवसभर झोपत होते. सोबतीला मंगलताई आल्या होत्या. मंगलताई मूळच्या पुण्याच्या, आमच्याच गल्लीत राहतात. मऊ खिचडी घेऊन आल्या आणि माझ्या पलंगाशेजारी विणत बसल्या.

तिकडे काय झालं ते सुजाताच्या आणि प्रभाकरच्या तोंडून ऐकलेलं सांगते.

फ्रीस्टाइल चालू होतं, म्हणजे मैदानात एकच ट्रक आणि ठरलेल्या वेळात जमेल तेवढी कसरत. सुजाताचा रन अप्रतिम चालला होता. शेवटची उडी राहिली होती, ती नीट बसली असती तर पहिला नंबर नक्की होता. पाऊस नसल्यामुळे मैदान कोरडं ठणठणीत, मागच्या वळणाची सगळी धूळ हवेत. मोटारींच्या रांगेपलीकडचं काहीच दिसत नव्हतं, ना तिला ना प्रभाकरला. तिने रॅम्पच्या दिशेने ट्रक वळवला आणि ॲक्सिलरेटर दाबला.

आणि तिच्या कानात बाईचा आवाज आला. "थांब वं माय... मानूस हाये."

सुजाता म्हणते, रेडिओवर नेहमी खरखर असते, बाबांना ओरडावं लागतं. हा आवाज तसा नव्हता. शेजारी उशीवर डोकं ठेवून कुणी बोलावं, तसा होता. इंजिनचा आवाज मागे नव्हताच. आणि तो आवाज माझा होता, याबद्दल तिला शंका नव्हती.

तिने ब्रेक मारला.

पुढची चाकं रॅम्पवर चढून ट्रक थांबला. प्रेक्षक हुर्यो करायला लागले. प्रभाकर रेडिओवर ओरडला, "काय झालं? का थांबलीस?"

"आई म्हणाली थांब."

"आई घरी आहे, सुजाता."

"आय नो."

मग धूळ खाली बसली. मोटारींच्या पलीकडे, ट्रक उडी मारून जिथे उतरला असता बरोब्बर तिथे, एक माणूस गुडघ्यांवर बसलेला होता. त्याचं नाव कर्टिस. मैदान साफ ठेवणाऱ्या टीममधला. त्याला डायबेटिस होता, साखर एकदम उतरली आणि भ्रमात कठड्यावरून उतरून तो चालत मैदानात आला. मोटारींच्या आड असल्यामुळे ट्रक बंद करायचा रिमोट ज्याच्या हातात असतो त्या माणसालाही तो दिसला नाही. लोक धावले, त्याला उचललं, तोंडात ज्यूस घातला. माणूस वाचला. सुजाताची वेळ तोवर संपली होती, नंबर गेला.

ती ट्रकमधून उतरली तेव्हा डेल आणि प्रभाकर समोर होते. तिने ऐकलेलं वाक्य दोघांना जसंच्या तसं सांगितलं. मग तिने बाबांना विचारलं, "पण आई मला माय का म्हणाली? डझन्ट माय मीन मदर?"

आमच्या नागपूरकडे मुलीला लाडाने माय म्हणतात. माझी आई मला म्हणायची. मी मात्र इतकी वर्षं प्रमाण मराठीच बोलत आले, नवऱ्याशीही. सुजाताला मी कधी 'वं माय' म्हटल्याचं मला आठवत नाही, तिलाही नाही.

प्रभाकरला वाटलं, मला काहीतरी झालं. त्याने तिथूनच घरी फोन लावला. मंगलताईंनी उचलला.

"शीला बरी आहे ना?"

"बरी आहे हो, झोपलीये. मघाशी जरा बरळली झोपेत. गोळ्यांचा परिणाम असेल."

प्रभाकरने तिकडचं काहीही सांगितलं नव्हतं. त्याने फक्त विचारलं, "काय म्हणाली?"

"अहो, मला हसूच आलं. इतकी वर्षं ओळखते, पण हिला असं गावाकडचं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. डोळे मिटलेलेच, आणि म्हणते कशी - थांब वं माय, मानूस हाये. मी विचारलं, कोण माणूस गं? तर कूस बदलून झोपली."

प्रभाकरने तिथेच फोन ठेवला म्हणे. मंगलताईंना वाटलं फोन कट झाला.

मला यातलं काहीही आठवत नाही, हे मी स्पष्ट सांगते. मला स्वप्न पडलं नाही, मैदान दिसलं नाही, मनात धस्स झालं नाही. जाग आली ती संध्याकाळी, मंगलताई खिचडी गरम करत होत्या तेव्हा. मंडळी इंडियानाहून परत आली आणि सुजाता येऊन मला नुसती बिलगून बसली, तेव्हा मला कळलं की काहीतरी घडलंय.

मग माझ्यातली लॅबवाली जागी झाली. मी प्रत्येकाला वेगवेगळं बसवून विचारलं. मंगलताई विणकामाची सुई हातात धरून अक्षर न बदलता तेच वाक्य म्हणाल्या. डेलला मराठीचं एक अक्षर कळत नाही, म्हणून त्याची साक्ष मला सर्वांत महत्त्वाची वाटत होती. मी विचारलं, ट्रकमधून उतरल्यावर सुजाता काय म्हणाली होती? त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "थंब ऑफ माय... समथिंग." मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला.

म्हणजे फोन करायच्या आधीच ते शब्द तिकडे बोलले गेले होते. रेडिओ तपासला, ठीक होता. दुसऱ्या कुणाचं बोलणं त्यात शिरलं असेल म्हणावं, तर इंडियानाच्या त्या जत्रेत वऱ्हाडी बोलणारी बाई कुठून आणायची? सुजाताला नकळत काहीतरी दिसलं असेल, असंही मी म्हणून पाहिलं. तिने मला ट्रकमध्ये चढवून तिच्या सीटवर बसवलं. तिथून खरंच काही दिसत नाही. तान्ही असताना मी तिला कधी माय म्हटलं असेन आणि तिच्या मेंदूने ते जपून ठेवलं असेल, हेही मान्य करायला मी तयार आहे. पण मग मी त्याच दुपारी तेच का बरळले? डेल म्हणतो एंजल. मी त्याला सांगितलं, पित्ताशय काढलेला एंजल मी तरी ऐकलेला नाही.

थंडी सुरू व्हायच्या आत कर्टिस आणि त्याची बायको आमच्याकडे येऊन गेले. दांडगा माणूस, पण सोफ्याच्या अगदी कडेवर बसला होता. मी पोहे केले, त्याने दोनदा मागून घेतले. त्याच्या बायकोने निघताना माझे दोन्ही हात धरले. मी म्हणाले, मी काही केलेलं नाही. ते खरंच होतं, मला माहीत आहे तिथपर्यंत.

तो आवाज सुजाताला परत कधी आला नाही. मीही झोपेत पुन्हा कधी बोलले नाही, निदान प्रभाकरने तरी ऐकलेलं नाही. त्या हुर्योचा तिच्यावर काही परिणाम झाला असेल म्हणाल, तर पुढच्याच आठवड्यात ती परत उड्या मारत होती. मोठ्या इनडोअर शोंची बोलावणी येऊ लागली. यंदाच्या, म्हणजे २००८च्या हिवाळ्यात डेट्रॉइटला भरगच्च स्टेडियममध्ये तिने फ्रीस्टाइल जिंकलं. मंडळातले बरेच जण आले होते. एकेकाळी खुर्ची बदलणारे काका आता माझ्याशेजारी उभे राहून घसा फोडत होते.

घरी येताना गाडीत प्रभाकर म्हणाला, "शीला, त्या दिवशी तिच्या जागी मी असतो ना, तर थांबलो नसतो."

मी म्हटलं, "असं काय बोलतोस?"

"खरं सांगतो. पहिला नंबर समोर, ट्रॅक मोकळा, आणि कानात घरी झोपलेल्या बायकोचा आवाज... मी म्हटलं असतं, भास आहे. आणि दाबलं असतं. ती थांबली. विचारत बसली नाही, थांबली."

मागच्या सीटवर सुजाता हेल्मेट मांडीवर घेऊन झोपली होती. मी वळून तिच्याकडे पाहत राहिले.

इथे कुणाकडे याचं कारण असेल तर जरूर कळवा, मी मोकळ्या मनाने वाचेन. माझ्याकडे नाही. तो आवाज माझा होता की कुणाचा, हे मला आजही सांगता येणार नाही. ब्रेकवरचा पाय माझ्या मुलीचा होता, एवढं मात्र मी कुणालाही छातीठोकपणे सांगते.