सामाईक विहिरीवरची मोटार

नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं; पण कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हटलं की मला आजही आधी आठवते ती विहिरीवरच्या मोटारीची चोरी. लोक हसतात. हसू द्या. त्या केसमध्ये मी एक मोठी चूक करता करता वाचलो, म्हणून ती विसरलो नाही.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी नगर तालुक्यातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. केडगाव ओलांडून पुणे रस्ता सोडला की आत एक गाव लागतं. तिथले एक साठीचे शेतकरी सकाळीच ठाण्यात आले. त्यांना आपण थोरले म्हणू. परवा रात्री विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार चोरीला गेली, अशी त्यांची फिर्याद होती. काल दिवसभर आपण शोधली, सापडली नाही, म्हणाले. संशय मात्र त्यांच्याकडे तयार होता. धाकट्या भावाच्या विधवेचा भाऊ. तो भिंगारला लष्कराच्या एका डेपोत नागरी नोकरीला होता आणि त्या रात्री बहिणीकडे मुक्कामी होता.

या घराचं भांडण ठाण्याला नवं नव्हतं. दोन भावांची आठ एकर जमीन, एकच सातबारा, एकच विहीर. धाकटा तीन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या बायकोचं नाव वारस म्हणून सातबाऱ्यावर चढलं, पण तिचा हिस्सा कुठून कुठपर्यंत हे कोणीच ठरवलेलं नव्हतं. ती वाटणी मागायची आणि थोरले म्हणायचे, "घर एक हाय, वाटनी कशाला?" घर एक होतं आणि पाणी मात्र आधी थोरल्यांच्या पिकाला जात होतं, उरलं तर तिच्या. ती तीनदा आमच्याकडे तक्रार घेऊन आली होती. तिन्ही वेळा मी एकच कागद तिच्या हातात दिला होता: 'वाद दिवाणी स्वरूपाचा असल्याने दिवाणी न्यायालयात दाद मागावी.' त्याचा आमच्याकडे शिक्काच होता. शिक्का मारला, सही ठोकली, पुढचा माणूस. कायद्याने त्यात चूक काही नव्हती, म्हणून तर मी इतक्या निर्धास्तपणे तो मारत होतो.

तर हवालदाराने जागेचा पंचनामा केला आणि दुपारी त्या भावाला चौकशीला आणून बसवलं. साधा, घाबरलेला माणूस. "साहेब, मी बहिणीला बियाण्याची पिशवी द्यायला गेल्तो," एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. बाहेर बाकड्यावर थोरले बसून होते. त्यांनी ठाणे अंमलदाराला दोनदा विचारलं, "अटक दाखवली का?" हे माझ्या कानावर आलं आणि मला खटकलं. ज्याची वस्तू जाते तो वस्तूचं विचारतो. मोटार मिळेल का, कधी मिळेल, काही कळलं का. यांना मोटारीची फिकीरच नव्हती.

तेवढ्यात ती बाई आली. पदर खोचलेला, पायाला शेतातली माती तशीच. तिने पिशवीतून एक स्टँप पेपर काढून माझ्या टेबलावर ठेवला. हक्कसोडपत्र होतं. जमिनीवरचा आपला सगळा हक्क थोरल्या दिराला सोडून देते, असा मजकूर टाइप केलेला. सही तेवढी बाकी.

"साहेब, ह्याच्यावर सही केली म्हंजी भाऊ सुटंल न्हवं?"

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"थोरले भाऊजी म्हनले. फिर्याद मागं घेतो म्हनले. न्हाईतर दोन दिस आत ऱ्हायला तर भावाची नोकरी जाती. व्हय का, साहेब?"

यात तथ्य होतं. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांच्या वर कोठडीत राहिला की निलंबित होतो. थोरल्यांनी कुठल्या तरी वकिलाकडून बरोबर तेवढंच विचारून घेतलेलं दिसत होतं. बाई म्हणाली, "माझ्याकडं तुमचे तीन कागद हायेत. त्यांनी काय झालं न्हाई. ह्या चौथ्यानं तरी एक काम हू दे."

मला शरम वाटली. सरळ सांगतो, खूप वाटली. मी म्हटलं, "ताई, सही करू नका. बाहेर झाडाखाली बसा. संध्याकाळच्या आत सांगतो." आणि जीप काढायला लावली. पंचनामा कागदावर वाचला होता, पण जागेवर मी स्वतः गेलोच नव्हतो.

विहिरीवर पोचलो. मोटारी चोरणारे मी बरेच पाहिले होते. ते केबल कोयत्याने तोडतात, पाइप हाणून मोडतात आणि पळतात. इथे केबल स्टार्टरपासून व्यवस्थित सोडवून, गुंडाळी करून खुंटीला टांगलेली. तारांच्या टोकांना चिकटपट्टी. फ्यूज काढून कोनाड्यात ठेवलेले. मोटार जिथे बसवलेली होती तिथले चार बोल्ट तसेच उभे, आणि त्यांचे नट हरवू नयेत म्हणून परत त्यांच्यावर फिरवून बसवलेले, वरून ग्रीस लावलेलं! हवालदाराने पंचनाम्यात 'चार बोल्ट नटांसह' असं इमानदारीने लिहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ कोणी लावला नव्हता.

मी हवालदाराला म्हटलं, "हा चोर मोटार परत बसवायला येणार आहे."

आता शेताकडे बघा. थोरल्यांच्या बाजूचा हरभरा काढून झालेला, रान मोकळं. बाईच्या बाजूला दीड एकर कांदा, पाण्यावर आलेला. मोटार बंद पडली की मार फक्त तिला होता. आठ-दहा दिवसांत सगळा कांदा गेला असता.

निघताना पोलीस पाटील जीपच्या आडोशाला आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, माजं नाव नका घेऊ. काल दिसभर थोरले कडब्याची गंजी उतरवून परत रचीत हुते. पावसाळ्याला चार म्हैने हायेत. उभी गंजी कोन मोडतंय हो?"

ठाण्यात येऊन मी थोरल्यांना आत बोलावलं. चहा मागवला. दटावणी नाही, काही नाही. मी उगाच हळहळत म्हटलं, "आबा, मोटार मिळेलही, पण कामाची राहणार नाही. चोर लेकाचे अडाणी. ओढत नेली असेल, कुठल्या ओढ्यात टाकली असेल. ओल लागून आतलं सगळं वाइंडिंग गेलं असणार."

त्यांचा चेहरा कसनुसा झाला. दहा वर्षं जपलेली मोटार होती ती.

"वल कशी लागंल, साहेब? कोरड्यात हाय ती, बारदानात गुंडा..."

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला. मी म्हटलं, "आता गंजी तुम्ही उतरवता, का माझी माणसं उतरवू? माझी माणसं कडबा विस्कटतील."

"मी उतरीवतो," थोरले म्हणाले.

पंचांसमक्ष गंजीतून मोटार निघाली. पुसलेली, बारदानात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली. अख्खं गाव जमलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या सगळ्यांनी समोर पाहिल्या. बाईचा भाऊ दिवेलागणीच्या आत मोकळा झाला. अटक दाखवलेलीच नव्हती, त्यामुळे नोकरीला धक्का नव्हता. तिसऱ्या दिवशी कांद्याला पाणी सुटलं. खोट्या फिर्यादीबद्दल थोरल्यांवर खटला पाठवला; त्यांनी कोर्टात कबुली दिली आणि दंड भरला.

पोलिसांचं काम इथे संपलं, पण यावेळी मी शिक्का मारून मोकळा झालो नाही. बाईला समोर बसवून सांगितलं, "मालकीचा वाद नाही, दोघांची नावं सातबाऱ्यावर आहेत. फक्त हिस्से पाडायचेत. तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करा." अर्ज झाला. नोटिसा निघाल्या. भर गावात मान खाली गेलेले थोरले यावेळी आडवे आले नाहीत. कांदा निघून रान मोकळं झालं तेव्हा मोजणी लागली, आणि बंदोबस्ताला मी स्वतः गेलो.

आमच्याकडे वाटणीची एक जुनी रीत आहे: थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. तहसीलदारांनी वाटपासाठी पाठवलेल्या सर्कल साहेबांनी तीच धरली. विहीर सामाईक, पाण्याची पाळी दिवसाआड, हे सातबाऱ्याच्या इतर हक्कात लिहायचं ठरलं. जमिनीचे वाटे मात्र थोरल्यांनी पाडायचे, आणि आपल्या वाट्याला कुठला येईल ते त्यांना माहीत नाही! मग काय विचारता. माणूस दोन दिवस शेतात चालत होता. काळी किती, मुरूम किती, रस्ता कुणाला किती, आंब्याची सावली कुणावर पडते. भूमापक कंटाळला, पण थोरले हटेनात.

तिसऱ्या दिवशी चुन्याची रेघ पडली. सर्कल साहेब बाईला म्हणाले, "उचला."

ती दोन्हीकडे फिरून आली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा दिराशी भांडणाशिवाय बोलली. "भाऊजी, तुमी कुठला घेतला असता?"

थोरल्यांनी रेघेच्या दोन्ही बाजू न्याहाळल्या. म्हणाले, "खरं सांगू? मला बी ठरवता यीना. सारखेच झालेत."

"मग मला वरला द्या," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

पंचनाम्यावर सह्या झाल्या. तिच्या भावाने लगेच खोरं घेऊन रेघेवर बांध घालायला सुरुवात केली. थोरले बघत होते. मग त्यांनी टोपी काढून ठेवली, स्वतःचं खोरं आणलं आणि पलीकडच्या बाजूने त्याच बांधावर माती ओढायला लागले. ज्याला खोट्या फिर्यादीत अडकवू पाहिलं त्याच्यासमोर उभं राहून. दोन्हीकडून माती पडत गेली आणि बांध अंधार पडायच्या आत पुरा झाला. मी खाकीत उभा होतो आणि मला इतका आनंद झाला होता की दरोडेखोर पकडल्यावरही कधी झाला नाही.

त्यानंतर बदल्या होत गेल्या, पण तो शिक्का मी पुन्हा तसा वापरला नाही. भावकीचं भांडण आलं की आधी विचारायचो, सातबारा एक आहे का वेगळा? एक असेल तर कुठे जायचं, काय अर्ज करायचा, ते सोप्या मराठीत लिहून द्यायचो. पाच मिनिटं जास्त लागतात. वाटणी मागणारा घर मोडतो, असं आपल्याकडे सरसकट म्हटलं जातं. मी जे पाहिलं ते सांगतो. जमीन एक होती तोवर त्या दोन घरांत मोटार लपवण्यापर्यंत मजल गेली होती. बांध पडला आणि पुढच्या हंगामात त्या बाईचा कांदा भरायला टेम्पो आला, तेव्हा गोण्या शिवायला थोरल्यांच्या घरची माणसं आली होती. मी मुद्दाम वाट वाकडी करून बघून आलो.