कॉफी नाकारण्याचा नियम

अमेरिकेतल्या आमच्या नेब्रास्कात पाहुण्याला कॉफी नाकारता येत नाही. हार्लन ट्वाइट मात्र तीस वर्षं विद्यार्थ्यांना ती नाकारायला शिकवत होता.

आमच्या कॉलेजात तो समाजकार्याचा प्राध्यापक. व्हिएतनामच्या काळात सैन्यात होता, पण लढला इथेच. मेलेल्या पोरांच्या घरी जाऊन बातमी सांगायचं काम त्याच्याकडे होतं. त्यातून त्याचा प्रसिद्ध पाठ तयार झाला. दारात बोलू नका. 'गेला', 'राहिला नाही' असलं काही नको, 'मेला' म्हणा. आणि बातमी सांगेपर्यंत त्या घरचं काही खाऊपिऊ नका, कारण कॉफीचा कप हातात आला की माणूस लांबण लावतो. पुढे सैन्यानंही हा पाठ उचलला. त्यामुळे त्याच्या घरी गणवेशातली माणसं सल्ल्याला येत असत आणि त्याची बायको अ‍ॅर्डिस त्यांना फळांचं सारण भरून भाजलेला गोड 'पाय' खाऊ घालत असे.

त्यांचा मुलगा नेल्स तेव्हा सैन्यात, इराकमध्ये होता.

त्या शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे शिडी परत करायला गेलो होतो. दारात एक कॅप्टन बाई आणि सैन्यातला पाद्री उभे होते. जखमी झाला तर फोन येतो, मेला तर माणसं येतात, हे हार्लनला ठाऊक होतं. अ‍ॅर्डिसला त्यानं ते कधी सांगितलं नव्हतं.

"तुझे विद्यार्थी दारात ताटकळलेत," अ‍ॅर्डिस आतून म्हणाली. "जगाला वागायला शिकवतो, आणि पाहुण्यांना बसा म्हणायचं मी."

कॅप्टन म्हणाली, "प्रोफेसर, आम्हाला—"

"बसा. कॉफी होतेय."

"सर, नियम तुमचाच आहे." ती हळू बोलली.

"माहीत आहे. बसा."

मी निघायला हवं होतं. पण अ‍ॅर्डिसनं माझ्याही पुढ्यात बशी ठेवली. ऱ्हुबार्बच्या आंबट देठांचा 'पाय' गरम होता. ती कॅप्टनला म्हणाली, "किती वाळलीस गं. सैन्यात खायला घालतात की नाही?" कॅप्टन बशीकडे बघत राहिली.

आम्ही लुथरन मंडळी. पाण्याच्या घोटाआधीही प्रार्थना करू. सगळ्यांनी माना खाली घातल्या. अ‍ॅर्डिसनं अन्नाबद्दल आभार मानले, पाहुण्यांसाठी आशीर्वाद मागितला आणि शेवटी, रोजच्यासारखं, म्हणाली, "आमच्या नेल्सला सांभाळ. त्याला धडधाकट घरी आण."

"आमेन," पाद्री म्हणाला. सवयीनं. लगेच त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. मीही म्हणालो, मला काय माहीत. कॅप्टनच्या तोंडून शब्द फुटला नाही.

हार्लनच्याही नाही.

अ‍ॅर्डिसनं डोळे उघडले. चर्चमध्ये दर रविवारी सगळ्यांत मोठा आमेन हार्लनचाच असायचा. त्यावरून ती त्याला चिडवायची.

"हार्लन, तू आमेन म्हणाला नाहीस."

तो टेबलाकडे बघत होता. उभ्या जन्मात त्यानं किती घरी ते वाक्य उच्चारलं असेल. आता ते त्याला येईना.

"कॅप्टन," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही सांगा. सरळ सांगा."

ती उठून उभी राहिली आणि त्यानं शिकवलं होतं तसंच बोलली, एकही शब्द मवाळ न करता. अ‍ॅर्डिसनं सुरी खाली ठेवली. मग तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, "तुला दारातच कळलं होतं?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"आणि तू मला प्रार्थना करू दिलीस."

पुढे निवृत्त होईपर्यंत त्यानं तोच पाठ शिकवला, कॉफीच्या नियमासकट. चर्चलाही तो चुकत नाही. तिच्या शेजारीच बसतो. आमेनच्या वेळी गप्प राहतो, आणि ती त्याच्याकडे बघत नाही.