नळीची राखण

समजा, तुमच्यासमोर एक माणूस निजलाय. मेंदूत साचलेलं पाणी काढायला त्याच्या कवटीतून बारीक नळी घातलीय. ती जिथून बाहेर येते, तिथली पट्टी तुम्हाला बदलायचीय. मोजा घातलेला हात नुसता चादरीला लागला, तरी हातमोजे काढून टाकायचे, हात धुवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

वळसंगच्या सोनालीचं हे रोजचं काम. सोलापुरातल्या एका दवाखान्यात, मेंदूच्या अतिदक्षता विभागात ती नर्स आहे. गावी गेली की आई अजून विचारते, "डोस्क्यात नळी? आन् माणूस जगतंय?"

"जगतंय की," सोनाली म्हणते, आणि भाकरी मोडते.

मागच्या उन्हाळ्यात तिच्याकडे सांगोल्याकडचे येडू नावाचे धनगर होते. मेंढरं रस्त्यापलीकडे नेताना त्यांना मोटारसायकलची धडक बसली आणि डोक्यात रक्त उतरलं. डॉक्टरांनी त्यांना वेगळी नळी घातली होती. तिच्या रबरातच जंतू मारणारं औषध मुरवलेलं होतं आणि ते हळूहळू झिरपायचं.

दुपारी भेटीच्या वेळी येडूंची बायको फुलाबाई आत आली. सोनाली शेजारच्या खाटेकडे वळली आणि परत येऊन पाहते तर पट्टीची कड उचकटलेली, खाली पिवळंधमक. बिरोबाचा भंडारा, देवाची हळद.

जंतू नळीच्या वाटेनं आत उतरले, तर कालच डोळे उघडलेला माणूस हातचा जायचा. सोनालीनं आधी डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांची बोलणी खाल्ली. जागा साफ झाली, पट्टी नवी बसली, नळीतल्या पाण्याचा नमुना तपासणीला गेला. मग ती बाहेरच्या बाकावर फुलाबाईशेजारी जाऊन टेकली.

"मेंढराच्या जखमंला हळदच भरतो की आमी," फुलाबाई खाली बघत म्हणाली.

"माझी आई पण भरते, मावशी. पण ही वाट थेट मेंदूत जाते."

"आन् तुमीच म्हनला, नळीतच औषध हाय म्हून."

"आहे. जंतूंना नळीवर बसू देत नाही ते."

"म्हंजी राखणीला कुत्रं बांदलंय."

"व्हय. पण कुत्रं आहे म्हणून तुम्ही मेंढरांभोवतीची जाळी, वाघर, उघडी टाकून झोपता का?"

फुलाबाईला हसू आलं, तसा तिनं पदर तोंडाला लावला. "लई बोलतीस गं. धनगराच्या घरात द्यायला पायजे हुतं तुला."

"भंडारा लावायचाच असेल, तर ड्युटी सुटल्यावर माझ्या कपाळाला लावा. तुमच्या मालकांच्या नावानं."

संध्याकाळी फाटकापाशी फुलाबाईनं तो लावला, आणि घरी पोचेपर्यंत सोनालीनं पुसला नाही.

पुढचे दिवस ती येताजाता येडूंच्या कपाळाला हात लावून बघायची. ताप चढला नाही. तपासणीत जंतू सापडले नाहीत. एका सकाळी येडू पुटपुटले, "मेंढरं कुटं हायती?" फुलाबाई पायाशी उभी होती. "तुमच्यापरास बरी हायती," ती म्हणाली आणि डोळे पुसत राहिली.

नळी अजून थोडे दिवस ठेवावी लागणार होती. ते ऐकून फुलाबाईनं सोनालीला बाजूला घेतलं. "पोरी, त्ये कुत्रं दमत न्हाय का?"

"दमतं. औषध झिरपून झिरपून कमी होतं."

"मग?"

"मग राखण आपली, मावशी. म्हणून तर पट्टीला हात लावायचा नाही."

येडू आपल्या पायांनी घरी गेले, त्यालाही आता बरेच महिने झाले. दुसऱ्या कुणाची पट्टी बदलताना सोनाली अजून तसल्या पांढऱ्या नळीकडे निरखून बघते. पहिल्या दिवशी दिसते तशीच ती काढायच्या दिवशीही दिसते. मग राखण करणारं ते औषध आत जागं आहे की झोपलं, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कसं कळावं?