सहावं झाकण

१२ मे. आजचं काम : बाटल्यांत बियर भरणे.

मी लोणची, पापड, कुरडया करणारी बाई. रोजच्या कामाच्या वहीत ही ओळ लिहावी लागेल असं मला वाटलं नव्हतं. पण माझा धाकटा दीर आनंद बंगळुरूला बियर बनवायच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला, तो कमलनगरला परत आला आणि चार महिने घरात बसला. मग बिदरच्या एका हॉटेलमालकाचा निरोप आला : ज्वारीची बियर करून तेवीस तारखेला घेऊन ये, चव जमली तर कामावर घेतो.

सासूबाई सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणणाऱ्या, त्यातलं पाचवं शील दारूला न शिवण्याचं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील! त्या म्हणाल्या, "मी थेंबाला शिवणार न्हाई. पर पोरगं असं भिताडाकडं बघत बसलेलं मला बघवत न्हाई. करू दे त्याला."

आनंदने मोड आणून वाळवलेली ज्वारी भरडली, उकळली आणि गोड पाणी गाळून घेतलं. त्यातलं थोडं फ्रीजरमध्ये राखून ठेवलं, बाकीचं यीस्ट घालून आंबायला ठेवलं. बाटल्या भरताना प्रत्येकीत हे राखलेलं गोड पाणी थोडं घालायचं, की बंद बाटलीत आपोआप गॅस तयार होतो. साखरसुद्धा लागत नाही. घरचंच घरात वापरायचं. मला पद्धत एकदम पटली.

भरायच्या दिवशी बुचं कमी पडली. ती आणायला आनंद उदगीरला निघाला आणि जाताना त्याने माझ्या हातात खोकल्याच्या औषधाचं झाकण दिलं.

"वैनी, एका बाटलीत पाच झाकणं. सहावं न्हाई."

"अन् उरलं तर?"

"ओतून द्या. कमी पडू नये म्हणून जास्तच ठेवलंय."

ओतून द्या! आमच्याकडे तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा म्हशीला जातं. भांड्यात उरलेलं ते मधाच्या रंगाचं पाणी मोरीत ओतायला माझा हात धजेना. एका बाटलीत सहावं झाकण घातलं. मग एकीला सहा आणि बाकीच्यांना पाच हा अन्याय, म्हणून सगळ्यांना सहा. तरी उरलं. सात. आठ. दहाव्या झाकणाला भांडं स्वच्छ झालं तेव्हा मला फार समाधान वाटलं. (माझी बहुतेक समाधानं अशीच पुढे अंगाशी येतात.)

संध्याकाळी आनंदने बुचं बसवली आणि सव्वीस बाटल्या पत्र्याच्या खोलीत गेल्या.

बावीस तारखेला भर दुपारी पहिला स्फोट झाला.

शेजारच्या कलावतीअक्का भिंतीपलीकडून ओरडल्या, "काय व, कुकर उडाला का?"

"न्हाई, लोणचं!" तोंडात आलं ते मी बोलून गेले.

लगेच दुसरा. मग तिसरा, चौथा!

"एवढं कसलं लोणचं घालायलाव?"

"गोधडी टाक त्याच्यावर!" सासूबाई दारातून हुकूम सोडत होत्या. मी नवऱ्याचं हेल्मेट घातलं, गोधडी पुढे धरली आणि आत शिरले. छताला उडालेली बियर ठिबकत होती, खाली काचांचा सडा. सगळं शांत झालं तेव्हा सात बाटल्या शाबूत होत्या.

आनंद धावत आला. "वैनी, पाचच झाकणं घातलाव ना?"

"पाचच!" मी म्हणाले. "ज्वारीच जोराची असंल."

त्याने वाद घातला नाही. काचा गोळा करत हळूच म्हणाला, "मग माझंच चुकायलंय. पुरतं आंबायच्या आधीच भरलो असंल. उद्या न्हाई जात मी. मला हे काम जमत न्हाई."

वाद घातला असता तर मी जिंकले असते. हे ऐकून मात्र मी झाडू घेऊन काचा लोटायला लागले. संध्याकाळी सासूबाई पंचशील म्हणायला बसल्या. चौथं शील आलं, खोटं बोलणार नाही, तिथे त्यांनी आवाज चढवला आणि थेट माझ्याकडे पाहिलं. मी झाकणं मोजत होते तेव्हा त्या दारातच बसल्या होत्या. पाचव्या शीलाच्या बाबतीत त्यांनी पोराकडे काणाडोळा केला होता. चौथ्याच्या बाबतीत माझ्याकडे करणार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देता देता मी आनंदला सांगितलं, "दहा घातली व्हती."

त्याने चहा खाली ठेवला. मग उठला, उरलेल्या सातही बाटल्यांची बुचं जराशी उचलून गॅस सोडला आणि पुन्हा घट्ट बसवली. "चला," म्हणाला, "मालकाला तुम्हीच सांगा."

जीपमध्ये गोधडीत गुंडाळलेल्या सात बाटल्या माझ्या मांडीवर होत्या. खबरदारी म्हणून हेल्मेट घातलं. बिदरपर्यंत शेजारी कुणी बसलं नाही.

हॉटेलमालकासमोर मी उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी चूक मी होऊन कबूल केली. "साहेब, पोराचा हात बरोबर आहे. माप माझं चुकलं. वाया जाऊ नये म्हणून मी दुप्पट घातलं, वर त्याच्याशी खोटंही बोलले." मालक गंभीरपणे ऐकत होता, फक्त त्याची नजर सारखी माझ्या कपाळाच्या वर जात होती. त्याने एक ग्लास प्यायला. मग अर्धा आणखी.

"माल अच्छा है," तो आनंदला म्हणाला. "एक तारीख से आओ. लेकिन भरने का काम अम्मा को मत देना."

बाहेर येऊन घाम पुसायला मी कपाळाकडे हात नेला, तो टणकन काचेवर आपटला.

"आनंद! डोक्यावर हेल्मेट हाय म्हणून सांगितलास कामून न्हाई?"

"कसं सांगू, वैनी?" तो म्हणाला. "तुम्ही पहिल्यांदाच खरं बोलायलाव. मधी कसं अडवू?"